नोटीस बोर्डावरची पोरगी

सकाळपासून डोकं फिरलंय. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या भाचीच्या नोंदणी लग्नाच्या, सरकारी बोर्डावर लावलेल्या नोटिशीचा फोटो फिरतोय. नाव, वय, नोकरी, पत्ता, शेजारी मुलाचंही तेवढंच सगळं, खाली शिक्का. बोर्डाच्या काचेत फोटो काढणाऱ्याचा चौकड्याचा शर्ट दिसतो, अर्ध्या गावानं शर्टावरून ओळखलं त्याला, पण कोणी एक शब्द बोललं नाही. दुपारपर्यंत ताईच्या दारात माणसं हजर, "पोट्टीले आवरा बाप्पा, अजून वेळ हाय."

पोट्टी नर्स आहे. रात्रपाळ्या करते, बापाचं पीककर्ज तीच फेडते. मत देते, तिच्या सहीवर बँक पैसे देते, आणि लग्न कोणाशी करते ते मात्र सरकार ३० दिवस बोर्डावर लावून सगळ्यांना विचारतं, कोणाची हरकत आहे का? काऊन? तिचा नवरा काय गावाला नांदवायचाय?

मुलगा दुसऱ्या जातीचा, दोघांनाही विधी नकोत, म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करतायत. हेच मांडव टाकून, बाशिंग बांधून केलं असतं तर एका दिवसाचीही नोटीस लागली नसती.

हो, घरी बायको असताना दुसरीला फसवणारे असतात, मान्य. मग कागद तपासा ना. वय बघा, आधीचं लग्न बघा, पोरीला एकटीला बसवून विचारा कोणाची जबरदस्ती तर नाही. तेवढाच सरकारचा हक्क, त्यापुढे नाही. जात हे तर त्या कायद्यातही हरकतीचं कारण नाही, पण शर्टवाल्याला हरकतीचा अर्ज कुठं द्यायचा होता, त्याला फक्त बातमी पाहिजे होती आणि ती सरकारनं त्याला काचेत लावून दिली.

एकीकडे हेच सरकार आंतरजातीय लग्नाला ५० हजार देतं. दुसरीकडे २०२२ च्या डिसेंबरात अशा जोडप्यांची माहिती गोळा करायला समिती काढली, ओरड झाल्यावर आंतरजातीय वगळलं आणि आंतरधर्मीय तसंच ठेवलं. त्या पोरापोरींनी काय घोडं मारलंय? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलं. अलाहाबाद हायकोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं की जोडप्याला नको असेल तर नोटीस लावू नका, पण ते तिकडे उत्तर प्रदेशात, आमच्या तालुक्यात बोर्ड आहे तसाच आहे.

ताईवर राग नाही माझा. आत्ता फोनवर रडत होती. लोक काय म्हणतील हे एकदाही बोलली नाही, "पोरीले काही करतीन का रे ते?" एवढंच विचारत होती. काय सांगू तिला? पत्ता तर सगळ्यांकडे पोचला.

या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक जण संध्याकाळी मागे सरला, घरच्यांचा दबाव आहे म्हणे. त्याच्या जागी मी सही करतोय. ग्रुपवर ज्यांना विचारायचं होतं की मामा कोणाच्या बाजूनं, त्यांनी वाचून घ्यावं, आणि तो फोटो आज रात्रीच डिलीट करावा.