पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे

झाडांवरचा तुमचा लेख छान, पण त्यातलं 'खोड पोकळ झालं की झाड संपलंच' हे वाक्य खटकलं. आमच्या यावलकडच्या शेतात बांधावर एक चिंच आहे. खोडात शेळीचं करडू आरामात बसेल एवढी पोकळी, तरी दरवर्षी चिंचांनी लगडते. कारण मधला गाभा आधीच मेलेल्या पेशींचा असतो, त्याचं काम आधार देण्याचं. मुळांचं पाणी वर चढतं ते बाहेरच्या फिकट, ओल्या लाकडातून.

खरा जीव सालीखाली. पानांत तयार झालेलं अन्न आतल्या सालीतून खाली उतरतं. कुंपणाची तार आम्ही एका निंबाला गुंडाळली होती, आमचीच चूक. दोन-तीन वर्षांत तारेच्या वरचं खोड फुगून गाठ आली, खालचं बारीकच राहिलं. अन्न तिथंच अडलं ना! तोपर्यंत तार लाकडात रुतली होती, शेवटी झाड वाळलं.

आणखी एक, लेखात सातपुड्यातल्या अंजनाच्या झाडाचा उल्लेख हवा होता. लाकूड एवढं टणक की कुऱ्हाड परत उडते, आणि आतल्या सालीचे धागे एवढे चिवट की त्यांचे दोर वळतात. हेही तेच अन्न वाहणाऱ्या थरातले धागे.