हेवा करावा तर जिन्यातल्याचा

मत्सर करायचाच आहे तर नीट करा. कोरेगाव पार्कातल्या बंगलेवाल्यावर तो वाया घालवू नका. त्याला पाहून फार तर ‘असतं बुवा एकेकाचं’ असं वाटतं आणि रात्री छान झोप लागते. झोप उडायला माणूस जवळचा लागतो. ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वीच हे हेरलं होतं: वय, कूळ, ऐपत यांत आपल्या बरोबरीचा असेल त्याचाच हेवा वाटतो. त्याने कोथरूडमधली एकही सोसायटी पाहिली नव्हती, तरी निदान अचूक!

तेव्हा आपल्याच जिन्यातले भाऊ निवडा. तुमच्याबरोबरच फ्लॅट घेतलेले, बजाजच्या स्कूटरसाठी तुमच्याबरोबरच नंबर लावलेले, मुलं एकाच शाळेत.

मत्सराला मत्सर मात्र म्हणायचं नाही. ‘मी जरा तापट आहे’ हे लोक कौतुकाने सांगतात; ‘मी जरा मत्सरी आहे’ असं लक्ष्मी रोडवर कुणी म्हटलेलं ऐकलंय? आपल्याकडे त्यासाठी ‘काळजी’ आणि ‘तत्त्व’ अशी दोन सोवळी आहेत. भाऊंच्या मुलीला अमेरिकेत नोकरी लागली, की पेढा घ्या आणि म्हणा, “छानच हो! पण तिकडे हल्ली व्हिसाचं काही खरं नाही म्हणे.” पेढा संपायच्या आत भाऊंचा चेहरा उतरला पाहिजे.

खरी कसोटी रिडेव्हलपमेंटची, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याची. बिल्डर कार्पेटवर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर, चाळीस टक्के जादा देतोय, वर कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे, वर घर होईपर्यंतचं भाडं. तुमचे साडेपाचशे फूट सातशे सत्तर होणार. आनंद होतोय? सावरा! भाऊंना टेरेस आहे म्हणून आणखी साठ फूट मिळणार आहेत. आता स्वतःचे दोनशे वीस विसरायचे आणि त्यांचे साठ धरून बसायचं. सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगायचं, “माझा वैयक्तिक विरोध नाही, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.”

२०१९च्या शासन निर्णयाने ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली, त्यामुळे एकट्याने काम अडवणं अवघड झालंय खरं. खचू नका. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार अर्ज आहेत, मागच्या सभेच्या इतिवृत्तावर हरकती आहेत. अडवता नाही आलं तरी लांबवता येतं. तोवर तुमचं बाथरूम गळेल, पण भाऊंचंही गळेल ना!

याला कुणी पुणेरी खोड म्हटलं तर हार्वर्ड दाखवा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका पाहणीत विचारलं होतं: तुम्हाला वर्षाला ५० हजार डॉलर आणि इतरांना २५ हजार, की तुम्हाला १ लाख आणि इतरांना २ लाख? वस्तूंचे भाव दोन्हीकडे सारखेच. जवळपास निम्म्यांनी ५० हजार पसंत केले. आपण इतकी वर्षं उगाच सदाशिव पेठेला बोल लावत होतो.

तब्येतीवर परिणाम होतो, हे मान्य. हस्तिनापूरचं वैभव घरात असूनही दुर्योधन मयसभा पाहून आला तो पांढराफटक पडूनच. पण त्याचं चुकलं कुठे, तर त्याने शकुनीमामाला खरं कारण सांगून टाकलं. आपण डॉक्टरांना ॲसिडिटी सांगायची.

आणि समजा, एवढं करूनही इमारत उभी राहिली, भाऊंचे साठ फूटही कापले गेले आणि दोघांना अगदी सारखे फ्लॅट मिळाले, तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटेल. तसं फार दिवस वाटू देऊ नका. खाली जाऊन पार्किंग बघा. स्टॅकमध्ये भाऊंची गाडी खाली आणि तुमची वर आहे. लॉटरीच्या चिठ्ठ्यांच्या घड्या कुणी घातल्या होत्या, ते आधी शोधून काढा.