ब्लाइंडवाल्यासमोर अठ्ठ्यांची जोडी टाकता कशाला?

सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरून माणूस मोकळा झाला की लातूर-नांदेडकडे रात्री कुठं ना कुठं सतरंजी पडते आणि तीन पत्तीचा फड बसतो. अन् प्रत्येक फडात एक जण असतोच, जो पत्त्यांना हातच लावत नाही, न बघताच चाल भरत राहतो. ब्लाइंड. परत ब्लाइंड. डबल ब्लाइंड. समोरच्याच्या हातात अठ्ठी-अठ्ठी-बादशाह, आणि तो तिसऱ्या चालीला पॅक करतो, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडतो! वर बाकीचे त्यालाच शाबासकी द्यायलेत : ‘मधल्या जोडीवर कशाला अडून बसायचं, बरं केलं सोडलं.’ काय बरं केलं? डोकं फिरतं हे ऐकून.

आधी हिशेब करा. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात. त्यातले १६,४४० निव्वळ सुटे पत्ते, म्हणजे शंभरातले ७४. जोड्या ३,७४४, कलर (तिन्ही एकाच चिन्हाचे) १,०९६, सिक्वेन्स (ओळीनं तीन) ७२०, ट्रेल (तिन्ही सारखे) ५२, प्युअर (एकाच चिन्हाचे ओळीनं तीन) ४८. जोडीच्या वरचं सगळं मिळून शंभरात नऊसुद्धा भरत नाही. ज्यानं पत्ते उचललेच नाहीत त्याच्याकडे यातलं काहीही असेल. तो पैशाऐवजी लावलेले चिंचोके किती जोरात आपटतो यानं पालथे पत्ते बदलत नाहीत. तुमच्या हातातले तीन पत्ते वगळून मोजलं तर अठ्ठी-अठ्ठी-बादशाहला त्याचा न बघितलेला हात शंभरात १७ वेळा मारतो. राहिलेल्या ८३ वेळा डाव तुमचा. आणि हा हात तुम्ही फेकता?

मग कुणीतरी म्हणतंच, ‘पण बघून खेळणाऱ्याला दुप्पट भरावं लागतं ना.’ लागतं. त्याचा एक तर तुमचे दोन. म्हणजे तीनपैकी दोन डाव जिंकले की बरोबरी, शंभरात ६७. तुमच्याकडे ८३ आहेत. अहो, दुर्रीची जोडीसुद्धा ७४ च्या आसपास जिंकते. दुप्पट भरूनही अठ्ठ्यांची जोडी प्रत्येक फेरीला फायद्यातच आहे. जोडी ‘मधली’ असते ती बघून खेळणाऱ्यासमोर. ब्लाइंडसमोर ती मोठी जोडी आहे, हे एकदा डोक्यात घ्या.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आपल्याकडे खेळतात त्या नियमात पत्ते बघितलेल्या माणसाला ब्लाइंडकडून शो (दोघांचे पत्ते उघडून डावाचा निकाल) मागता येत नाही. चाल करा नाहीतर पॅक करा. ब्लाइंडला मर्यादा नसेल तर काय होतं ते बघा. त्यानं १० टाकले, तुमचे २०. मग २० ला ४०, ४० ला ८०, ८० ला १६०. चार फेऱ्यांत त्याचे १५०, तुमचे ३००. तुमच्यापुढं २०० चिंचोके असतील तर तीन फेऱ्यांत १४० गेले, चौथीला हात रिकामा. ८३ टक्क्यांचा हात घेऊन पॅक! याला खेळ म्हणायचं? ही सरळ दमदाटी आहे, आणि फडातले चार मोठे लोक ती बघून ‘काय डेअरिंग आहे’ म्हणतात, याचा जास्त संताप येतो.

त्यामुळं पहिला पत्ता वाटायच्या आधी ठरवून घ्या, वाटल्यावर नाही. ब्लाइंड जास्तीत जास्त चार चाली, पाचवीला पत्ते उचलायचेच. सगळ्यांचे चिंचोके सारखे, मध्येच उसने आणायचे नाहीत. बूट (सुरुवातीलाच प्रत्येकानं मध्ये टाकायचे चिंचोके) १ असेल तर माणशी १५० पुरतात. चारही ब्लाइंड डबल गेल्या तरी त्याचे २, ४, ८, १६ मिळून ३० होतात, तुमचे ६०, आणि शोला शिल्लक राहते. (आणि चिंचोकेच ठेवा. पैसे आले की १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आला, अन् भांडणं आली ती वेगळीच.) हे ज्याला मान्य नाही त्याच्या फडात बसायचंच नाही, मग तो पाहुणा असो की भाऊबंद.

आता खेळायचं कसं. तुम्ही स्वतः वाढवू नका. तो आपणहून डबल करतोय, करू द्या. कमीत कमी चाल टाकत राहा. तुम्ही चौपट टाकलं की तो दचकून पत्ते उचलतो, आणि त्याच्या न बघण्यावर उभा असलेला तुमचा फायदा तिथंच संपतो. दुसरी गोष्ट, तिसरा माणूस. बघून, न बोलता, चालीवर चाल भरणारा. भीती त्याची बाळगा, आरडाओरड करणाऱ्याची नाही. तो तुमच्या आधीचा असेल तर लगेच साइड शो मागा (दोघांनीच आपापसात पत्ते ताडायचे, ज्याचे हलके तो पॅक). त्यानं नाकारून चाल वाढवली तर तेवढ्या वेळी जोडी सोडलेली चालेल.

आणि पाचव्या चालीला ब्लाइंडवाल्यानं पत्ते बघून पुन्हा टाकले की सगळं गणित फिरतं. तो जोडी किंवा त्यावरच खेळणारा असेल तर शंभरात ६५ वेळा तुम्ही मागं आहात. इथं लोक दोन चुका करतात : घाबरून पॅक, नाहीतर चेव येऊन परत चाल. दोन्ही नको. शो मागा. त्यानं ३२ टाकले असतील तर बूट सोडूनही पॉटात १२२ पडलेत आणि शोला ३२ लागतात. शंभरात २१ वेळा जिंकलं तरी भरून निघतं, तुमच्याकडे ३५ आहेत. त्यानं ६४ टाकले तर शोला ६४ आणि जिंकायला लागतात शंभरात ३० च्या आत, तरीही मागायचाच. पत्ते अगदी बरोबरीचे निघाले तर शो मागणारा हरतो, तेवढा एक धोका आहे, पण तो इतका क्वचित येतो की त्यापायी दीडशेचा पॉट सोडणं म्हणजे आपणहून त्याच्या ओट्यात घालणं.