ताई, यात तांदूळ आहेत

आमचा कॉम्प्युटर बंद पडला तो नेमका गौरी जेवायच्या दिवशी, सकाळी पावणेनऊला. कुकरची तिसरी शिट्टी आणि त्याची पहिली एकदमच झाली, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. कुकर गप्प झाला. हा होईना. टूंऽ टूंऽ टूंऽ, मग जरा दम खाऊन पुन्हा टूंऽ टूंऽ टूंऽ. पडदा काळाकुट्ट.

"अर्थिंगचा प्रॉब्लेम," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७६, वीज मंडळातून निवृत्त, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. मिक्सर जळो, फ्रीज गळो, नातीला गणितात कमी मार्क पडोत, त्यांचं निदान एकच. त्यांनी लगेच कॅबिनेटला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. "बघितलंस?" ते विजयी मुद्रेने म्हणाले. टेस्टर पेटला असता तरी हेच म्हणाले असते.

एरवी मी म्हटलं असतं, राहू दे बंद, दिवाळीत बघू. पण अण्णा आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या हातात पडावी लागते. अण्णांनी सभा ठरवली होती २८ तारखेला, रविवारी. हिशेब, ताळेबंद, थकबाकीदारांची यादी, सगळं त्या टूंटूं करणाऱ्या डब्यात. आणि त्या दिवशी होती १ सप्टेंबर २०२५.

"अगं, तू बघ ना. तू दिवसभर कॉम्प्युटरवरच तर असतेस."

मी बँकेत आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते हे खरंच, पण म्हणून मला तो उघडता येतो असं नाही. कंडक्टर दिवसभर एसटीतच असतो, म्हणून कुणी त्याला इंजिन खोलायला सांगत नाही. पण नवरा बंगळुरूला, आणि घरात हे ऐकून घेणारं कुणी नाही. शेवटी मैत्रिणीने एका मुलाचा नंबर दिला. घरी येऊन रिपेअर करतो, व्हिजिट चार्ज साडेतीनशे.

"निघालोच ताई. स्वारगेटला आहे, दहा मिनिटांत पोचतो."

पुण्यात कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याला कधीही फोन करा, तो स्वारगेटलाच असतो. सिंहगड रोडवरच्या आमच्या घरी तो पोचला सव्वाबाराला, म्हणजे पुरण वाटून झालं होतं आणि नैवेद्य वाढायचा होता तेव्हा. विशीतला पोरगा, पाठीला सॅक, एका कानात इअरबड. बूट काढून आत आला, गौरींना नमस्कार केला, तिथेच अण्णांच्या मनात पास झाला.

त्याने कॅबिनेटचे स्क्रू काढले, बाजूची पत्र्याची झडप सरकवली आणि थांबला. टॉर्च मारली. पुन्हा थांबला.

"ताई, यात तांदूळ आहेत."

मी पुढे होऊन पाहिलं. खरंच तांदूळ होते. हळदकुंकू लागलेले, लालपिवळे. शिवाय पंख्याच्या पात्यात अडकलेल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आपट्याचं एक अख्खं पान, आणि या सगळ्यावर गोधडीसारखी जाड धूळ. हा कॉम्प्युटर २०११ मध्ये जोडून घेतला. तेव्हापासून दर दसऱ्याला अण्णा त्याची यंत्रपूजा करतात आणि अक्षता वरच्या जाळीवर वाहतात. चौदा दसऱ्यांच्या अक्षता थेट मदरबोर्डला पोचल्या होत्या. एका कोपऱ्यात झुरळाने अंडंही घातलेलं होतं. त्या जीवालाही कळलं होतं की इथे वर्षाला शिधा मिळतो.

"काढायचे का?" त्याने अण्णांना विचारलं. साडेतीनशे रुपयांत धर्मसंकटही सोडवून मिळणार होतं. अण्णांनी ओंजळ पुढे केली.

मग त्याने सॅकमधून ब्लोअर काढला. मी ओरडले. समोर दोन गौरी शालू नेसून बसलेल्या, पुढे सोळा भाज्यांचं ताट, आणि हा चौदा वर्षांची धूळ उडवणार! "गॅलरीत ने रे बाबा!" त्याने ती गॅलरीत उडवली. खाली दुसऱ्या मजल्यावर हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांच्या गॅलरीत त्या वेळी सोवळं वाळत होतं. हे पुढे महागात पडलं, पण ते नंतर.

आता मुख्य शस्त्रक्रिया. त्याने रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून अलगद बाहेर काढली आणि म्हणाला, "खोडरबर आहे का?"

मला वाटलं हा काहीतरी लिहिणार आहे. लेकीच्या कंपासमधून खोडरबर आणला. स्ट्रॉबेरीच्या आकाराचा, वासाचाही. त्याने रॅमच्या सोनेरी दातांवरून तो हलक्या हाताने फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, जसं आपण पाढ्यात चुकलेला आकडा पुसतो तसं. काळपट थर गुलाबी भुग्याबरोबर निघून आला. त्यावर फुंकर मारली, पट्टी जागेवर बसवली, टक् असा आवाज आला, बटण दाबलं. एकच छोटी टूं, आणि पडदा उजळला.

पाच रुपयांचा खोडरबर, तोही माझाच. मी मनात म्हटलं, साडेतीनशे दिले तरी हरकत नाही, सण आहे. पण त्या पोराचा चेहरा डॉक्टरसारखा गंभीर झाला होता.

"काका, हे फार स्लो आहे. फॉरमॅट मारावं लागेल."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. या व्यवसायात हे वाक्य येतंच. वैद्याकडे जा, पोट साफ ठेवा म्हणणार. ज्योतिषाकडे जा, शनी निघणार. आणि कॉम्प्युटरवाला माऊसची वायर बदलायला आला तरी जाता जाता फॉरमॅट मारावं लागेल म्हणणार. बरं, आमच्यावर आहे विंडोज सेव्हन, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलेला. त्याचं म्हणणं, टेन टाकतो. मग स्वतःच म्हणाला, पण टेनचाही १४ ऑक्टोबरला संपतोय, आणि इलेव्हन या जुन्या मशीनवर चालत नाही. म्हणजे पेशंटला जे औषध द्यायचं त्याची एक्स्पायरी सहा आठवड्यांवर. अण्णांनी शांतपणे सांगितलं, "सेव्हनच राहू दे. आम्हा दोघांचाही सपोर्ट संपलेला आहे."

तरी फॉरमॅट झालंच. अण्णांचे हिशेब असलेल्या 'डी' ड्राइव्हला हात लावणार नाही या बोलीवर. साडेतीन तास लागले. तेवढ्या वेळात त्याने चार पुरणपोळ्या खाल्ल्या, कटाच्या आमटीला दोनदा छान म्हणाला, घड्याळात बघून तारीख-वेळ हाताने भरली आणि साडेआठशे घेऊन गेला. मोबदल्याबद्दल माझी तक्रार नाही. पोळ्या खाताना त्याने फोन खाली ठेवला होता, हे माझ्या लेकीलाही जमत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नोटीस उघडली आणि मला हाक मारली. हाकेत कंप होता.

पडद्यावर मराठी नव्हतं. नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा, मध्ये मध्ये डॉलर, टक्का आणि उलटं प्रश्नचिन्ह. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' कुठल्यातरी कंसात अडकून पडली होती. झालं होतं असं की फॉरमॅटबरोबर अण्णांचा जुना मराठी फॉन्ट उडाला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आपापला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून हक्काची जागा आहे, पण अण्णांचा फॉन्ट त्या आधीच्या वळणाचा. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून राहतात. फॉन्ट आहे तोवर दाराबाहेर पाटी मराठी. पाटी गेली की आतला मूळ मालक दिसायला लागतो. ज्यांनी ऑफिसात, छापखान्यात, शाळेत या फॉन्टांवर दिवस काढलेत त्यांना मी काय सांगते ते कळेल. बाकीच्यांनी अण्णांचा चेहरा डोळ्यासमोर आणावा.

पोरगा पुन्हा आला. पुन्हा स्वारगेटहून. पेनड्राइव्हमधून फॉन्ट टाकला, आणखी दोनशे घेतले. मराठी परत आली. १२ तारखेला सकाळी अण्णांनी ४८ नोटिसा छापल्या आणि वॉचमनने त्या घरोघर देऊन वहीत सह्या घेतल्या. अण्णांनी बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप काढली.

१३ तारखेला मी मेल बघायला बसले, तर एकही पान उघडेना. ब्राउझर म्हणाला, तुमचं घड्याळ मागे आहे. एवढं स्पष्ट सांगितल्यावर कुणीही घड्याळ बघितलं असतं. मी ते व्हायरसचं काम समजले आणि फोनवर शोधून पहिला दिसला तो हेल्पलाइन नंबर लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की तिथेच मला कळायला हवं होतं. खऱ्या कस्टमर केअरला असा पहिल्या रिंगला फोन लागत नाही. मोबाइलवर एक ॲप टाका, स्क्रीन शेअर करा, दहा रुपये रजिस्ट्रेशन भरा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं, ते असल्याच ॲपच्या कारनाम्यांबद्दल. आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० लावा, हा कागद आमच्या शाखेच्या भिंतीला मीच चिकटवलाय. माझं बोट 'इन्स्टॉल'वर होतं. मागून अण्णा म्हणाले, "दहाच रुपये? एवढ्यात कोण काम करतं?" मी फोन ठेवला. वीज मंडळाने मला अशी साथ पहिल्यांदाच दिली.

सोमवारी अर्धी रजा टाकून कॅबिनेट स्कूटरवर पायांच्या मध्ये घेतलं आणि पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. पासोड्या विठोबापाशी गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला. दुरुस्तीला लागली चार मिनिटं. पुठ्ठ्यांच्या ढिगामागे बसलेल्या वयस्कर दुकानदाराने कॅबिनेट लावून पाहिलं. पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २००९.

"रात्री बटण भिंतीवरून बंद करता?"

"सासरे करतात. वीज मंडळात होते."

"तरीच." त्याने मदरबोर्डवरून रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल नखाने उचकटला, नवा बसवला. "प्लग चालू असला तर घड्याळ त्या करंटवर चालतं. बटण बंद केलं की या सेलवर. हा मेलेला. म्हणून रोज रात्री मशीन सगळं विसरतं आणि सकाळी पहिल्यापासून सुरू करतं." चाळीस रुपये घेतले. फॉरमॅटचं नावही काढलं नाही. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण मध्ये पुठ्ठे होते.

घरी येऊन अण्णांना जुना सेल दाखवला. त्यावर लिहिलं होतं सीआर २०३२. अण्णांनी पट्टी आणून मोजलं. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. "बघ, नावातच माप आहे," ते खुशीत म्हणाले, "आमच्या वेळी असं..." आणि एकदम गप्प झाले. सावकाश कपाटाकडे गेले, नोटिशीची स्थळप्रत काढली, चष्मा लावला.

नोटिशीत सभेची तारीख त्यांनी हाताने टाइप केली होती, ती बरोबर होती. पण वर उजव्या कोपऱ्यात 'दिनांक' पुढची तारीख आपोआप उमटते. हे त्यांना नवऱ्यानेच कधीतरी कौतुकाने करून दिलं होतं. तिथे ठळक अक्षरांत ०१/०१/२००९. अठ्ठेचाळीस प्रती. सह्यांसकट पोच.

दुसरी नोटीस काढायला चौदा दिवस उरले नव्हते. २८ तारखेला सभा झाली. गणपूर्ती झाली, मागचं इतिवृत्त वाचून झालं, आणि दुसऱ्या मजल्यावरचे हेडक्लार्क काका उठले. हातात नोटीस, आणि माझी खात्री आहे, डोक्यात सोवळ्यावरची धूळ.

"अध्यक्ष महाशय, ही नोटीस १ जानेवारी २००९ ची आहे. सभा बेकायदेशीर आहे."

सभागृह म्हणजे पार्किंग. तिथे शांतता पसरली. अण्णा उठले, खिशातला टेस्टर सारखा केला.

"कायद्याला नोटीस चौदा दिवस आधी लागते. आम्ही पावणेसतरा वर्षं आधी दिली. यापेक्षा जास्त वेळ कुणाला हवा होता का?"

हशा झाला, दोनचार टाळ्याही पडल्या. काका बसले नाहीत. त्यांनी चष्म्यावरून थकबाकीच्या यादीकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"मान्य. मग मेंटेनन्सही त्याच तारखेचा घ्या. तेव्हा सहाशे रुपये होता."

ठरावाला अनुमोदन द्यायला एकदम बावीस हात वर झाले.