पाऊणशे ग्रॅमचा स्टोव्ह, साठ किलोंची भिंत

ट्रेकच्या सामानातली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे गॅसचा छोटा स्टोव्ह. घडी घातली की मुठीत मावतो, वजन जेमतेम पाऊणशे ग्रॅम, आणि खोक्यावर छापलेलं असतं, ‘एक लिटर पाणी साडेतीन मिनिटांत उकळते.’ हे वाक्य खोटं नाही, पण ते ज्या खोलीत लिहिलं गेलं त्या खोलीपुरतंच खरं आहे. तिथे खिडक्या बंद असतात, टेबल सपाट असतं आणि ‘झालं का गं?’ असं दर अर्ध्या मिनिटाला विचारणारं कोणी नसतं.

खिंडीत पोचल्यावर पहिला वाद वाऱ्याच्या दिशेचा. प्रत्येक जण बोट ओलं करून वर धरतो आणि प्रत्येकाच्या बोटाला वेगळी दिशा लागते. वारा पाहून पाठ द्यावी, असं म्हणतात. हे म्हणणाऱ्याने खिंडीत पाणी तापवलेलं नसावं. इथे पाठ दिली की वारा पुढून येतो, पुढे दगड लावले की खालून.

मग पेटवणं. स्टोव्हला स्वतःचा खटका असतो, तो घरी पहिल्या दाबात पेटतो. उंचावर, दमट थंडीत तोच खटका नुसता टक-टक करतो. कर्तव्य म्हणून आवाज काढायचा, ठिणगी टाकायची नाही. शेवटी लायटर. गारठलेल्या अंगठ्याने त्याचं चाक फिरवणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एकदाची ज्योत धरते, पण उन्हात ती दिसत नाही, फक्त फुसफुस ऐकू येते. गॅस जळतोय की नुसताच सुटलाय, हे मग हाताच्या पाठीवरचे केस ठरवतात.

हिशोब तसा साधा आहे. 20 अंशांचं एक लिटर पाणी 100 अंशांना न्यायचं, तर सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरून साडेसात ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. वारा नसला तरी याहून बराच जास्त लागतो, आणि वारा असला की हिशोब विसरायचा. ज्योत आडवी होते, भांड्याच्या बाजूने वर चढणारी गरम हवा वारा वरच्या वर उचलून नेतो. माझ्या सिलिंडरातला मोठा हिस्सा मी आजवर आभाळ तापवण्यात घातलाय. आभाळात काही फरक पडलेला दिसत नाही.

म्हणून भिंत लागते, आणि ती भिंत म्हणजे मी. ओझं कमी व्हावं म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा कापणारी आमची मंडळी साठ किलोंची भिंत मात्र बिनतक्रार वर आणतात, कारण ती स्वतःच्या पायांनी चढते. उकिडवं बसायचं, जॅकेटची एक बाजू पसरायची (पण ज्योतीपासून लांब, जॅकेट नायलॉनचं आहे) आणि सूचना ऐकायच्या. ‘थोडी डावीकडे सरक. एवढी नको. आता हलू नकोस.’ विटांना इतकं कोणी बोलत नाही.

पत्र्याचा पडदा का नाही वापरत, असं नवखे विचारतात. पडदा असतो, पण सिलिंडरवर बसवलेल्या स्टोव्हला तो चहूबाजूंनी गुंडाळायचा नसतो. आत कोंडलेली उष्णता सिलिंडर तापवते, दाब वाढतो आणि तो फुटूही शकतो. पडदा फक्त वाऱ्याच्या बाजूला ठेवायचा आणि मधूनमधून सिलिंडरला हात लावून बघायचं. गंमत म्हणजे तो गार पडूनही चालत नाही. आतला द्रव गॅस होताना सिलिंडरचीच ऊब खातो. शिवाय आतल्या गॅसच्या मिश्रणातला प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत उत्साहाने बाहेर पडतो, आयसोब्युटेन उणे 12च्या आसपास थबकतो आणि साधा ब्युटेन शून्याजवळच संपावर जातो. म्हणून थंडीत सिलिंडर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात. त्याला ताप येऊ नये, सर्दीही होऊ नये. इतकी काळजी माझी कोणी केलेली आठवत नाही.

‘मग तंबूतच पेटवू या की!’ असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. कापड पेटण्याची भीती आहेच, त्यात कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. त्या माणसाला पाणी भरायला पाठवायचं.

नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेन, त्याला हे सगळं माहीत होतं. स्वीडनमध्ये 1892च्या सुमारास लिंडक्विस्टचा प्रायमस हा रॉकेलचा स्टोव्ह निघाला, आणि 1893मध्ये नान्सेन तो घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाला. पण नुसता स्टोव्ह नाही नेला. आतलं भांडं, त्याच्याभोवती बर्फ वितळवायचं कड्यासारखं दुसरं भांडं आणि त्यावर आवरण, अशी रचना होती. उष्णतेला सगळीकडे काम करूनच बाहेर पडता यायचं. 1895मध्ये तो 86 अंश उत्तरेपलीकडे पोचला, तो गरम जेवत. म्हणजे त्याने स्टोव्हला घर बांधलं, आणि आपण ग्रॅम वाचवायला ते घर पाडलं. आता बुडाला पंख्यांसारख्या पट्ट्या असलेली, बर्नर पोटात घेणारी भांडी मिळतात. वाऱ्यात ती खरंच उजवी ठरतात, फक्त मुठीत मावत नाहीत. माझ्या मते घ्यावीत. मी सांगितलंही, पण भिंतीचं कोण ऐकतं?

इतकं होऊन पाणी उकळतं. उकळलं की नाही हे बघायला चौघे चारदा झाकण काढतात, त्यामुळे दर वेळी ते थोडं कमी उकळतं. त्यात 3000 मीटरवर पाणी 90 अंशांनाच बुडबुडे काढू लागतं, म्हणजे खळखळाट पूर्ण आणि ऊब अपुरी. चहाची पिशवी रंग सोडायला वेळ लावते, आणि तेवढ्यात हातातला कप गार करायला वारा हजर असतो. ‘परत तापवू का?’ असं मी विचारलं की सगळे घाईघाईने म्हणतात, ‘छे छे, चांगला गरम आहे!’