झाकण लावा, बटण दाबून धरू नका

चोपड्याला आमच्या मामांचं कृषी केंद्र आहे. त्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: 'स्लीपमध्ये लॅपटॉप आतून चालूच असतो. बॅटरी फुगते, हार्ड डिस्क झिजते, हॅकर डेटा नेतात. रोज शटडाउन करा, आणि खरोखर बंद व्हायला पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा.' मामांनी धरलं. ऐन खताच्या सीझनात बिलांची फाइल उघडेना. मग फोन, "आते काय करू रे भो?"

बटणाचंच आधी घेतो, कारण बाकीचा नुसता वेडेपणा आहे, हे नुकसान आहे. बटण चार सेकंदांच्या वर धरलं की हार्डवेअर विंडोजला न विचारता वीज तोडतं. मेमरीतलं जे डिस्कवर उतरलेलं नसतं ते गेलं. फाइल लिहिता लिहिता तुटली तर तीही गेली. स्लीपमध्ये कसं होतं ते लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टीमच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, अधिकृत दस्तऐवजात कोणीही वाचावं: चालू प्रोग्राम गोठवायचे, मग एकेक उपकरण निजवायचं, शेवटी एक सोडून बाकीचे सीपीयू कोर बंद. एस-३ या स्लीपच्या जुन्या प्रकारात तर त्यानंतर जवळपास फक्त मेमरीपुरती वीज उरते. डिस्कची तबकडी थांबलेली, सीपीयू बंद. हॅकर येऊन करणार काय?

आणि ते 'रोज शटडाउन'! २०१२च्या विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल, तर शटडाउन करताना कर्नल डिस्कवर हायबरनेट होतो, म्हणजे त्याची मेमरीतली स्थिती डिस्कवर लिहून मग वीज बंद होते, आणि सकाळी तोच परत उठतो. कोरी सुरुवात हवी तर रीस्टार्ट. फॉरवर्डवाल्याला याचा पत्ताच नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत एस-३ नसतं, मॉडर्न स्टँडबाय असतं. ते अर्धवट जागंच राहतं, कधी बॅगेत तापतं, बॅटरी उतरवतं. बॅटरीला उष्णता वाईटच, त्यात आपल्याकडचा मे महिना. तेव्हा एसटीने जळगावला निघताना हायबरनेट करा. आपल्या मशीनमध्ये काय आहे ते कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /ए' इंग्रजीत टाइप केलं की दिसतं.

दुकानात डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर लाइट गेली की एस-३मधली मेमरी पुसली जाते. त्यासाठी हायब्रिड स्लीप आहे. त्यात मेमरीची प्रत डिस्कवरही राहते.

मामांच्या लॅपटॉपवर मी आता झाकण लावल्यावर हायबरनेट असं सेट करून दिलंय. बटण दाबून धरायचं ते फक्त मशीन पार अडकलं तर.