काडतुसं महाग झालीत, म्हणून दुकानं रिकामी करत सुटायचं का?

आज नेमबाजीच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला, कपाट उघडं आणि आत वरपासून खालपर्यंत .22 ची, म्हणजे आमच्या रायफलच्या छोट्या काडतुसांची, खोकी, खाली लिहिलंय "अजून भाव वाढायच्या आत उचला". त्यावर लाइक्सचा पाऊस. मला सकाळपासून चीड येतेय, म्हणून लिहितोय.

भाव वाढलेत हे कोण नाकारतंय? शिसं, पितळ, सगळंच चढलंय. दारूगोळ्यात जे नायट्रोसेल्युलोज लागतं तेच तोफगोळ्यांनाही लागतं, 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून त्याची ओढाताण आहेच. पण टंचाई निम्मी तिथून येते आणि निम्मी अशा कपाटांतून येते. 2013 मध्ये अमेरिकेत .22 दुकानांतून गायब झाली होती, 2020 मध्ये परत तेच, का तर लोकांनी घाबरून गरज नसताना उचलली. आपण शिकणार कधी?

मागच्या टंचाईत मी माझ्या डीलरकडे उभा होतो. एक गृहस्थ आले, म्हणाले आहे तेवढा सगळा माल द्या, रोख देतो. डीलरने शांतपणे सांगितलं, दोन खोकी मिळतील, त्याच्यावर नाही. गृहस्थ भडकले, आवाज चढवला, लायसन्स दाखवलं, मी काय चोर आहे का वगैरे. तरी दोनच. कारण मागच्या फळीवर एका ज्युनिअर मुलीसाठी एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाची, खोकी बाजूला काढून ठेवलेली होती, तिची मॅच जवळ आली होती, आणि दुप्पट भाव देतो म्हटल्यावरही डीलरने त्या खोक्यांना हात लावू दिला नाही.

जे शूटिंग करत नाहीत त्यांना यात काय एवढं असं वाटेल. अहो, 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं! एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं, पण लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते, बदलतं. एका रायफलला जो लॉट मानवतो तो शेजारच्या रायफलला मानवेलच असं नाही. म्हणून तर एली आणि लापुआसारख्या कंपन्यांनी टेस्ट रेंज ठेवल्यात, स्वतःची रायफल घेऊन जायचं, वेगवेगळे लॉट मारून बघायचे आणि जो जमला तो उचलायचा. त्या मुलीने तिचा लॉट असाच शोधला होता. तो कुणाच्या तरी कपाटात जाऊन पडला असता आणि टिनच्या डब्यांवर उडवून संपला असता. थ्री पोझिशनला, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या मॅचला, 60 शॉट, वर सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे, वेगळे, आणि त्याआधी महिनोन्‌महिने सराव. ट्रॅपवाल्यांचं, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या फोडणाऱ्यांचं, तर विचारूच नका, एका क्वालिफिकेशनला 125 चकत्या. आणि सेंटरफायरवाले, म्हणजे ज्यांच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध ठोका बसतो ते, निदान रिकामी केस परत भरून वापरतात, आमच्या रिमफायरला, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या .22 ला, ती सोयसुद्धा नाही, एकदा उडाली की संपली.

बरं, मान्य, पैसे ज्याचे त्याचे आणि काडतुसं कोरड्या थंड जागी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे साठवणाऱ्याचं नुकसान काही होत नाही. नाही होत. दुसऱ्याचं होतं.

आणि दुसरी गोष्ट, डीलर निवडायची आपली पद्धत. भाव वाढले रे वाढले की सगळे फोन घेऊन बसतात, कोण स्वस्त देतोय. खोक्याचा भाव बघतात, आत 50 आहेत की 100 ते बघत नाहीत, पोचवायचा खर्च धरत नाहीत. नगामागे किती पडली ते काढा की! बाजारापेक्षा फारच स्वस्त, पैसे आधी खात्यावर टाका, लॉट नंबर विचारला की उत्तर नाही, अशा ठिकाणी लोक डोळे मिटून पैसे पाठवतात आणि मग ग्रुपवर रडतात. इतक्या वर्षांचा ओळखीचा माणूस मात्र "लुटारू", का तर त्याने जुन्या मालाचाही भाव वाढवला. अरे, त्याला हा माल विकून पुढचा माल नव्या भावाने भरायचाय, फळी रिकामी ठेवून तो दुकान चालवणार कसं? हां, टंचाईचा फायदा घेऊन तिप्पट लावणारेही आहेत, त्यांना खुशाल सोडा.

माझा डीलर खोक्याच्या कडेवर छापलेला बारीक लॉट नंबर चष्मा कपाळावर सरकवून, खोकं डोळ्याजवळ धरून वाचतो आणि लांबट वहीत लिहितो, कुणाला कुठला लॉट दिला ते. नवा माल आला की वही बघून स्वतः फोन करतो. हे स्वस्तवाल्याकडे मिळणारे का? त्या गृहस्थांनी नंतर त्याच्याबद्दल नेटवर नको नको ते लिहिलं आणि आपल्यातल्याच काहींनी ते खरं मानलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

फोटोवाल्यावर मघाशी जेवढा राग होता तेवढा आता नाहीये. भीती वाटते माणसाला, उद्या मिळणारच नाही असं वाटतं, मलाही वाटतं. पण भीती वाटली तर सराव बदला ना. ड्राय फायरिंग, म्हणजे काडतूस न घालता ट्रिगर ओढायचा सराव, वाढवा, पोझिशनवर काम करा, 10 मीटर एअर रायफलवर ट्रिगर घासा, तिचे पेलेट, म्हणजे छर्रे, त्यामानाने कितीतरी स्वस्त पडतात. जिवंत काडतुसं मॅचसाठी आणि मॅचच्या आधीच्या आठवड्यांसाठी ठेवा. सीझनला लागतील तेवढी, एका लॉटची, वेळेवर सांगून घ्या, म्हणजे डीलरलाही किती मागवायची ते कळतं.

मी माझी पुढच्या सीझनची ऑर्डर आजच सांगितलीय, त्याच माणसाला, त्याच्या नव्या भावाने. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली लिहा, पण आधी कपाटातल्या किती खोक्यांवरचा लॉट नंबर वाचलाय ते सांगा.